लागवडीच्या यादीत वानराचं झाडही लिहा

प्रति,
सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि आसपासच्या डोंगरांत झाडं लावायला निघालेले सर्वजण: वन विभाग, महापालिका, नगर परिषद, ग्रामसभा, आखाडे, कंपन्या, शाळा आणि मंडळं.

सप्रेम नमस्कार.

मी त्र्यंबक रस्त्यापासून थोडी आत, अंजनेरीच्या पायथ्याला देशी झाडांची रोपवाटिका चालवते. गेल्या काही महिन्यांत रोपांची चौकशी करणारे फोन एकदम वाढले आहेत. २ ऑगस्ट २०२७ला पहिलं अमृतस्नान आहे, त्याआधी सगळ्यांना हिरवं करून दाखवायचंय. चांगलंच आहे. पण बहुतेक फोनांवर याद्या सारख्याच येतात: गुलमोहर, सप्तपर्णी, रेन ट्री, पाम, आणि डोंगरावर लावायची असतील तर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड. भराभर वाढणारी, गुरं न खाणारी, कचरा न करणारी झाडं. कचरा म्हणजे काय, हे मी एकदा एका साहेबांना विचारलं. ते म्हणाले, "ताई, उंबर नको. फळांचा सडा पडतो, माशा घोंगावतात."

त्या सड्याबद्दलच हे पत्र आहे.

माझ्या रोपवाटिकेच्या मागे ओढा आहे आणि ओढ्याच्या काठाला एक जुना उंबर आहे. माझ्या सासऱ्यांनाही तो एवढाच मोठा आठवायचा. त्याला वर्षातून तीन-चार वेळा फळ येतं. बुंध्यापासून फांद्यांपर्यंत घोसच्या घोस लगडतात आणि पिकले की वानरांची टोळी दोन दिवसांत हजर होते. कुठून कळतं त्यांना देव जाणे. हुप्प्या वरच्या फांदीवर बसून रस्त्याकडे बघत राहतो, माद्या आणि पिल्लं खातात. अर्ध खाऊन टाकलेलं उंबर खाली पडतं, ते खायला दिवसा मोर आणि रात्री साळिंदर. आठवडाभर हा पसारा चालतो.

तीन-चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमधली एक दुपार मी विसरू शकत नाही. उन्हाचा पारा चाळिशी ओलांडून गेलेला. ओढा फेब्रुवारीतच आटला होता आणि त्या वर्षी उंबराची फळं पिकायच्या आधीच सुकून गळली होती. शेडनेटमध्ये काहीतरी खसफस झाली म्हणून मी काठी घेऊन धावले. एक वानरीण ठिबकच्या नळीला दात लावून बसली होती. चावलेल्या जागेतून पाण्याची बारीक चिळकांडी उडत होती आणि तिने तिथे तोंड लावलं होतं. पोटाला बिलगलेलं पिल्लू, अजून काळसर लव असलेलं, नळीच्या ओल्या भागावरून जीभ फिरवत होतं. माझी काठी हातातच राहिली. ती माझ्याकडे बघत होती, पण उठली नाही. वानर माणसाला बघून उठत नाही, तेव्हा ते किती तहानलेलं असेल याचा विचार करा. त्या दिवसापासून कोपऱ्यात सिमेंटची एक कुंडी भरून ठेवते. पण एका कुंडीने डोंगर भागत नाही, हे मलाही कळतं.

आपल्याकडे वानर आणि माकड हे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते दोन वेगळे प्राणी आहेत. काळ्या तोंडाचं, राखाडी अंगाचं, लांबलचक शेपटीचं ते वानर. त्याचं जठर गायीसारखं कप्प्याकप्प्यांचं असतं. पाला त्यात आंबतो आणि मग पचतो, म्हणून त्याला कोवळी पालवी, फुलं, कच्ची फळं आणि शेंगा लागतात. माकड त्याहून लहान, तोंड फिकट गुलाबी ते लालसर. दख्खनच्या मूळच्या माकडाच्या डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस टोपी घातल्यागत पसरलेले असतात आणि शेपटी अंगाएवढी लांब असते. त्याला बॉनेट मकाक म्हणतात. उत्तरेकडचं ऱ्हीसस माकड आखूड शेपटीचं, पाठीमागून तांबूस. पूर्वी पश्चिमेला तापी आणि पूर्वेला गोदावरी ही या दोघांची हद्द मानली जायची. आता ऱ्हीसस ती हद्द ओलांडून दक्षिणेकडे सरकतंय आणि बॉनेटची जागा आकसतेय.

बॉनेट मकाक जगात फक्त दक्षिण भारतात, आपल्या द्वीपकल्पात आहे. आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेच्या लाल यादीत ते आता 'असुरक्षित' गटात आहे. देवळाच्या पायऱ्यांवर, रस्त्याच्या कडेला दिसतं म्हणून आपल्याला ते मुबलक वाटतं. पण रस्त्याच्या कडेला दिसणं हीच त्याच्या हलाखीची खूण आहे. २०१७ साली जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांनी मिळून मांडलं होतं की, माकडं, वानरं आणि त्यांच्या नात्यातल्या सगळ्या जातींपैकी सुमारे ६० टक्के जाती नामशेष होण्याच्या वाटेवर आहेत आणि ७५ टक्के जातींची संख्या घटतेय. मुख्य कारण जंगल जाणं. आता त्यात उष्णतेची भर पडली आहे. २०२४च्या मे महिन्यात मेक्सिकोच्या टबास्को राज्यात उष्णतेची लाट आली तेव्हा शंभराहून जास्त हाउलर माकडं झाडांवरून पिकल्या फळांसारखी टपाटप खाली पडून मेली. तिथले लोक बादल्यांनी पाणी ओतून उरलेली वाचवत होते. ते वाचलं तेव्हा मला माझी नळी आठवली.

माकडासाठी रान वाचवल्याचं सह्याद्रीतलंच उदाहरण द्यायचं तर केरळातल्या सायलेंट व्हॅलीचं द्यावं लागेल. सिंहपुच्छ माकड हे पश्चिम घाटाच्या दक्षिण भागातल्या सदाहरित रानातलं, आपल्या महाराष्ट्रात नाही. जगात ते जेमतेम चार हजारांच्या घरात उरलं असेल. कुंती नदीवर धरण होऊन ती दरी बुडणार होती. लोक उभे राहिले, वर्षानुवर्षं भांडले आणि १९८४ साली ती दरी राष्ट्रीय उद्यान झाली. त्या भांडणात सिंहपुच्छ माकड सगळ्यांच्या तोंडी होतं. त्याचं खाणंपिणं, त्याला लागणारी कुलेनियाची झाडं, सगळ्याचा अभ्यास झाला. पुढे तमिळनाडूत अनमलाईच्या चहामळ्यांमधून जाणाऱ्या रस्त्यांवर झाडापासून झाडापर्यंत जाळ्यांचे पूल बांधले, म्हणजे त्या माकडांना गाडीखाली यावं लागू नये. आपल्या वानर-माकडांवर कुणी असं लक्ष ठेवत नाही, कारण ती आपल्या अंगणातच असतात.

आता मूळ मुद्दा. रानाचं एक पंचांग असतं. माझ्यासारख्या बी गोळा करणारीला ते तोंडपाठ असावं लागतं, आणि वानरांनाही असतं. माघ-फाल्गुनात सावर, पांगारा आणि पळस फुलतो, तेव्हा त्यांची फुलं. चैत्रात पिंपळाची, पायरीची तांबूस पालवी. मोहाची फुलंही तेव्हाच. वैशाखात तोरणं, करवंदं, रायवळ आंबे. ज्येष्ठात जांभूळ. पावसाळ्यात कोवळा पाला, वेली, बांबूचे कोंब, सगळीकडे सुबत्ता. मग कार्तिक-मार्गशीर्षापासून बोरं, आवळे. आणि जिथे जिथे या पंचांगात रिकामी जागा येते, तिथे वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदरूक. कारण ही सगळी एका वेळी पिकत नाहीत. या ओढ्यावरचा उंबर आज पिकला तर पलीकडच्या खोऱ्यातला महिन्याने. या झाडांच्या भरवशावरच टोळ्या कडक दिवस काढतात.

हेच पंचांग आता विस्कटतंय. २६ नोव्हेंबर २०२३ला जिल्ह्यात गारपीट झाली, द्राक्षं झोडपली गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. पेपरात द्राक्षं आणि कांदे येतात, रानातली कच्ची बोरं झडली हे येत नाही. २०२५ला तर मे महिन्यातच पाऊस सुरू झाला आणि थांबलाच नाही. करवंदं झुडपांवर फुटून आंबली. जांभळं पिकायच्या आत खाली चिखलात पडली. जांभळाचं बी ताजंच लावावं लागतं, आठ-पंधरा दिवसांत त्याचा जीव जातो. त्या वर्षी मी दोन हजार पिशव्या भरून तयार ठेवल्या होत्या, त्यांतल्या निम्म्यांतही बी पडलं नाही. मला निदान पुढच्या वर्षाची वाट बघता आली. रानातल्या पिल्लावळीला त्या महिन्यात दुसरं काय मिळालं असेल?

उंबराची गोष्ट आणखी नाजूक आहे. उंबराचं फूल फळाच्या आत असतं आणि त्याचं परागीभवन एक चिमुकला कीटक करतो. उंबर फोडल्यावर आत चिलटासारखे दिसतात ना, ते. वड-उंबराच्या जातींना असा आपापला कीटक असतो. तो बाहेर पडल्यावर एक-दोन दिवस जगतो आणि तेवढ्यात त्याला दुसरं फुललेलं झाड गाठायचं असतं. सिंगापूरमधल्या एका अभ्यासात २०१३ साली असं दिसलं की, तापमान काही अंशांनी वाढलं तरी या कीटकाचं आयुष्य फार घटतं. म्हणजे झाडं जितकी लांब लांब, ऊन जितकं तीव्र, तितकी त्याची पोचण्याची शक्यता कमी. एकेकटा उंबर ओढ्यावर उभा ठेवून बाकीचे तोडले, तर उरलेल्याला फळ धरेल याची खात्री मला देता येणार नाही. म्हणून मी म्हणते, उंबर गटाने लावा, ओढ्याच्या काठाकाठाने लावा.

मग डोंगरात खायला नसलं की वानर-माकडं खाली येतात. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्यातले शेतकरी सांगतात, भुईमूग उपटतात, मका मोडतात, टोमॅटोला एकेक चावा घेऊन टाकतात. त्यांचं नुकसान खरं आहे. दोन एकराच्या धन्याला "भूतदया ठेव" असं सांगायला माझी जीभ रेटत नाही. दुसरीकडे देवदर्शनाला आलेली मंडळी गाडीची काच खाली करून बिस्किटं टाकतात. गायीला जास्त दाणा झाला तर पोट फुगतं, हे खेड्यातलं पोरही सांगेल. वानराचंही तसंच आहे, बिस्किट-पाव त्याच्या पोटात आंबतात. आणि एकदा हातातून खायची सवय लागली की मग पिशवी ओढणं, चावणं, आणि शेवटी पिंजरा.

सरकारने उपद्रवी माकडं पकडून वस्तीपासून दूर सोडण्यासाठी माकडामागे ६०० रुपयांपर्यंत मोबदला ठरवला आहे. शेतकऱ्यांच्या त्रासातून आलेला तो निर्णय आहे. पण सोडणार कुठे? ज्या डोंगरात खायला नाही म्हणून ती खाली आली, त्याच डोंगरात? की दुसऱ्या टोळीच्या हद्दीत, दुसऱ्याच गावाच्या मक्यात? त्या सहाशे रुपयांत उंबर-जांभळाची रोपं किती येतील, हा हिशेब मी कुणालाही कागदावर मांडून देते. पिंजरा एका वर्षाचं काम करेल. झाडाला फळ धरायला सात-आठ वर्षं लागतील, ते मान्य. म्हणून तर आताच सुरुवात हवी.

जागा आपल्याकडे आहेत. बोरगड २००८ सालापासून संवर्धन राखीव, म्हणजे कायद्याने राखलेलं रान आहे, अंजनेरी २०१७ पासून. अंजनेरी पाच-सहा चौरस किलोमीटरची, पण तिथे गिधाडं आहेत, जगात इतरत्र क्वचितच मिळणारं अंजनेरी कंदीलपुष्प आहे. पुढे त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, कळवण, मुरागड इथली जंगलंही संवर्धन राखीव झाली. कागदावर राखलेल्या या रानांत खायची झाडं किती, पाणी कुठल्या महिन्यापर्यंत टिकतं, हे मोजून त्याप्रमाणे लागवड करायला हवी. आणि जिथे आधीच झाडं उभी आहेत तिथे रस्ता किंवा रोपवेची आखणी करताना आधी त्या वर्षभराच्या पंचांगाकडे बघा. साधुग्रामासाठी तोडायच्या ठरलेल्या तपोवनातल्या झाडांसाठी २०२५च्या अखेरीस नाशिककर रस्त्यावर उतरले, ते मी पाहिलं. जुनं झाड तोडून त्याच्याबदल्यात दहा लावली, हा हिशेब वानराच्या पोटाला लागू होत नाही. दहा रोपांना मिळून सात-आठ वर्षं एकही फळ येत नाही.

हनुमंताचं जन्मस्थान अंजनेरी की किष्किंधा, यावर २०२२ साली आपल्याच नाशिकमध्ये शास्त्रार्थ सभा भरली होती. मी अंजनेरीच्या पायथ्याची, माझं उत्तर तुम्हाला माहीत आहे. पण ज्या डोंगराला आपण अंजनीमातेचं घर म्हणतो, तिथल्या वानराला चैत्रात पाणी मिळत नाही, ही मला आपल्या श्रद्धेला लागलेली बोच वाटते. म्हणून आखाड्यांना आणि देवस्थानांना माझी खास विनंती आहे. प्रसादाबरोबर भाविकांना दोन शब्द सांगा की माकडांना हातातून खायला घालू नका, पुण्य हवं असेल तर उंबराचं रोप द्या. तुमचं ऐकतील. माझं ऐकून कुणी बिस्किटाचा पुडा परत खिशात घालत नाही.

ग्रामसभांसाठी एक उदाहरण सांगते. धाराशिव जिल्ह्यात उपळा नावाचं गाव आहे. तिथे ३२ एकर जमीन कागदोपत्री माकडांच्या नावावर आहे. कुणी, कधी केली, गावात कुणाला नक्की ठाऊक नाही, पण नोंद आहे. गावात पूर्वी लग्नकार्यात आधी माकडांचा मान व्हायचा. त्या जमिनीवर आता झाडं लावली आहेत. दुष्काळी मराठवाड्यातल्या गावाला हे सुचलं. आपल्या त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याच्या गावांकडे पेसाचे, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांसाठीच्या कायद्याचे अधिकार आहेत, सामूहिक वनहक्क आहेत, देवराया आहेत. गावापासून लांब, ओढ्याच्या वरच्या अंगाला पाच एकर जरी ठरवून राखली, चराई आणि वणव्यापासून सांभाळली, तर खालचा मका वाचायला मदत होईल. त्याच ओढ्यावर दगडमातीचे छोटे बांध घातले तर झरा महिनाभर जास्त टिकेल. आमच्याकडे जूनपासून धो धो पाऊस आणि एप्रिलमध्ये टँकर, बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. तो झरा टिकला तर हंडाही भरेल आणि वानरही पिईल. माणसाचं पाणी आणि वानराचं पाणी या डोंगरात एकाच कातळातून येतं.

आता कामाचं बोलते. तुमच्या यादीत शंभर झाडं असतील तर त्यांतली निदान वीस वड, पिंपळ, उंबर, पायर, नांदरूक या कुळातली असू द्या. आणखी तीस जांभूळ, करवंद, तोरण, बोर, आवळा, भोकर, मोह, पांगारा, सावर. उरलेल्या पन्नासांत तुम्हाला काय हवं ते लावा, पण डोंगरावर ग्लिरिसिडिया नको. ही फळझाडं रस्त्याच्या दुभाजकावर किंवा देवळाच्या पायरीशी लावू नका, नाहीतर वानरं आणखी रस्त्यावर येतील. ती डोंगरात, ओढ्याकाठी, वस्तीपासून लांब हवीत. वडाची आणि पायरीची तर रोपंही लागत नाहीत. मृगाच्या पावसात मनगटाएवढी जाड, पुरुषभर उंच फांदी तोडून फूट-दोन फूट खोल रोवली, वरच्या टोकाला शेणमातीचा लेप दिला की बहुतेक वेळा फुटते. गुरांच्या तोंडाच्या वर असल्याने वाचतेही.

आणि कृपा करून जूनमध्ये येऊन जुलैची रोपं मागू नका. पंधरा फुटी उंबर कुठल्याही रोपवाटिकेत रात्रीत तयार होत नाही, तो लांबून ट्रकने येतो, मुळं छाटलेली असतात, आणि पहिल्या उन्हाळ्यात वाळतो. या ज्येष्ठात बी पिशवीत पडलं तर २०२७च्या पावसाळ्यात कमरेएवढं, आपल्याच मातीतलं रोप हातात येईल. उंबराचं बी राईपेक्षा बारीक असतं. मी ते वानरांच्या लेंड्यांतून वेचते, कारण त्यांच्या पोटातून आलेलं बी मला जास्त चांगलं उगवलेलं दिसलं आहे. माकडं तर गालांच्या पिशव्यांत जांभळं भरून लांब जाऊन बिया थुंकतात. माझ्याआधीपासून ती या डोंगराची रोपवाटिका चालवतायत.

सध्या माझ्याकडे उंबराचे तीन वाफे उगवून आलेत, पानं अजून करंगळीच्या नखाएवढी आहेत. जांभळाचं बी येत्या जूनमध्ये पडेल तसं गोळा करणार आहे. ज्यांना लावायचंय त्यांनी वटपौर्णिमेच्या आत संख्या कळवा, म्हणजे तेवढ्या पिशव्या मी भरून ठेवते.

आपली,
अंजनेरीच्या पायथ्याची एक रोपवाटिकावाली